मागणाऱ्याची खुर्ची

१

धाकटीने ऑफिसचं दार ढकललं तेव्हा तिला आधी दिसल्या त्या मुंग्या. कपाच्या कडेवर काळी गोल रांग लागली होती. माणसाचं मन मोठं लबाड असतं हो. जे बघवणार नाही, त्याच्या शेजारचं काहीतरी ते आधी पुढे करतं. मुंग्या बघून झाल्यावर मग तिला बाबा दिसले.

बाबा मोठ्या खुर्चीत होते. मान एका बाजूला कलंडलेली, चष्मा नाकावरून घसरलेला, शर्टावर चहा सांडलेला.

"बाबा!" म्हणून ती धावली. मधलं स्टूल तिला दिसलंच नाही. ते जोरात पायावर आदळलं, धाडकन पडलं आणि ती त्याच्यावरून बाबांच्या गुडघ्यांशी जाऊन कोसळली. त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता. नळाखालच्या भांड्यासारखा गार. मग ती जी किंचाळली, ती पार रस्त्यावरच्या माणसांनी ऐकली.

थोरला भाऊ धावत आला. त्याने तिला उचलून बाहेर नेलं. आत्या आली, दारात एक क्षण थांबली आणि म्हणाली, "हिला पाणी द्या. डॉक्टरांना फोन करा. मी बसते त्याच्याजवळ." आत्या अशीच होती. घर कोसळलं तरी आधी विटा मोजणारी.

डॉक्टर आले. त्यांनी बाबांचे डोळे उघडून पाहिले, कप नाकाशी धरला आणि सही करायला काढलेलं पेन परत खिशात ठेवलं.

"मी सही करणार नाही," ते म्हणाले. "पोलिसांना बोलवा."

धाकटी जिन्याच्या पायरीवर बसून हे ऐकत होती. रडू येत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट ठोकत होती. बाबा त्या खुर्चीत का बसले होते? अख्ख्या हयातीत ते त्या खुर्चीत कधी बसले नव्हते.

२

बाबांची, म्हणजे साहेबांची गोष्ट शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. दलालाच्या पेढीवर फळ्यावर भाव लिहायचं काम करता करता हा मुलगा बाजार शिकला. शिकला म्हणजे काय, थांबायला शिकला. बाजार पडला की सगळे विकत सुटायचे आणि हा जाऊन झोपायचा. "घाईत घेतलेला शेअर आणि घाईत केलेला जावई, दोन्ही परत करता येत नाहीत," असं म्हणायचा. पुढे त्याचा स्वतःचा फंड झाला. शिक्षक, परिचारिका, ड्रायव्हर, पेन्शनवाले यांनी डोळे मिटून त्याच्या हातात बचत ठेवली. पैसा आला तसा तो त्याने वाटलाही. गरिबांसाठी इस्पितळ, मुलींसाठी वसतिगृह, दोन शाळा. लोक त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली आणायचे.

त्या ऑफिसात त्याचा एक रिवाज होता. तरुणपणी फीसाठी एका श्रीमंताकडे गेला, तर त्याला दाराशी चपलांजवळ उभं ठेवलं होतं. ते त्याच्या मनात रुतून बसलं. म्हणून मदत मागायला येईल तो चामड्याच्या मोठ्या खुर्चीत बसायचा आणि साहेब समोर बुटक्या लाकडी स्टुलावर. केटली तिथेच असायची. स्टुलावरच्याने स्वतः चहा करून खुर्चीतल्याला द्यायचा. "मागणारा वर, देणारा खाली," साहेब हसून म्हणायचे. "आणि माझ्या चहाला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही."

तपासाला जो इन्स्पेक्टर आला, त्याला पोलिसांत सगळे 'मुंगीसाहेब' म्हणत. बुटका, सदा सर्दी झालेला, एका पुसटशा डागापाशी अर्धा तास रेंगाळणारा. आरडाओरडा नाही, दमदाटी नाही. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात, तशातला माणूस.

त्याने आधी खोली पाहिली, मग धाकटीला बोलावलं.

"तुमचे वडील चहात साखर घ्यायचे?"

"छे. मधुमेह होता. कित्येक वर्षं कोरा चहा."

"मग माझ्या बहिणी कपावर कशाला जमल्या?" तो नाक पुसत म्हणाला. तिला हसू आलं नाही; त्यालाही ते अपेक्षित नसावं. "चहा पाकासारखा गोड होता, मॅडम. आणि तळाशी भुकटी आहे. त्यांच्याच हृदयाच्या गोळ्या कुटून घातल्यात, महिनाभराची बाटली रिकामी आहे. कडूपणा झाकायला साखर. काल संध्याकाळीच ते गेले. इथल्याच कोचावर झोपायची त्यांना सवय, म्हणून सकाळपर्यंत कोणी डोकावलं नाही. बरोबर?"

"बाहेरचं कोणीतरी असेल," धाकटी घाईने म्हणाली. "आमचा रिवाज ठाऊक नसलेलं. बाबांना मारलं आणि उचलून खुर्चीत ठेवलं. घरच्याने त्यांना त्या खुर्चीत बसवलंच नसतं."

"मलाही आधी असंच वाटलं." मुंगीसाहेब खुर्चीशी वाकला. "पण चहाचे थेंब बघा. शर्टावर आहेत, तिथून खुर्चीच्या हातावर ओघळलेत आणि मग खाली गादीवर. मधे तुटलेले नाहीत. म्हणजे ते खुर्चीत बसूनच चहा प्यायले. आपल्या पायांनी येऊन बसले, मॅडम."

"पण ते कधीच..."

"कधीच नाही. त्या खुर्चीत कोण बसतं?"

"ज्याला मागायचं असतं तो."

"हं. म्हणजे काल तुमचे वडील कोणाकडे तरी काहीतरी मागत होते. आणि समोर बसून ज्याने चहा केला, त्याला इथला रिवाज नीट ठाऊक होता." त्याने आवाज खाली आणला. "बाहेरचं कोणी नव्हतं. या घरात आज जेवताना ताटात काय पडतंय ते बघून खा."

३

आपलेच दात आणि आपलेच ओठ. धाकटीच्या घशात घास अडकायला लागला तो त्या दिवसापासून.

विद्युतदाहिनीच्या जाळीपलीकडे बाबांना निरोप देऊन सगळे घरी परतले, आणि मग सुरू झाला तो एक प्रश्न. आधी दादाने विचारला. ती गॅलरीत एकटी उभी होती. तो मागून आला, तिच्या अगदी जवळ.

"छोटी, बाबा जायच्या आधी तुला काही बोलले का?"

बोलले होते. त्याच दुपारी बोलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फंडातल्या सगळ्या बचतदारांचा मेळावा होता. बाबा म्हणाले होते, "उद्या मी स्टेजवरून एक गोष्ट सांगणार आहे. तू पहिल्या रांगेत बस. आणि घाबरायचं नाही." एवढंच. कशाला घाबरायचं नाही, ते राहूनच गेलं.

"नाही," तिने दादाला सांगितलं. का खोटं बोलली, तिचं तिलाच कळलं नाही. सख्ख्या भावाशी!

जिन्यात भागीदार काकांनी गाठलं. बाबांबरोबर फंड चालवत ज्यांचे केस पिकले, ते हे काका. त्यांचा घाम थांबत नव्हता. "बाळ, बाबा तुला काही बोलले का गं?"

आणि संध्याकाळी दुधाचा पेला घेऊन आत्या आली. बाबांची मोठी बहीण. आई गेल्यावर या दोघा भावंडांना हिनेच वाढवलं. बाबांनाही लहानपणी हिनेच वाढवलं होतं. आत्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. "पोरी, तो तुला काही बोलला होता का?"

तीन माणसं आणि प्रश्न एकच. त्यातल्या एकाला उत्तर 'हो' आलं तर तिलाही मारायचं होतं. धाकटीने तिघांनाही नाही सांगितलं आणि पेला हळूच बेसिनमध्ये ओतला.

दुसऱ्या दिवशी मुंगीसाहेबाने एकेकाला धरलं. धाकटीला त्याने मुद्दाम शेजारी बसवलं होतं. "तुम्ही यांना लहानपणापासून ऐकताय. खोटा सूर तुम्हाला माझ्याआधी कळेल."

दादा उखडलाच. "भांडलो होतो, हो! सगळ्या गल्लीने ऐकलं. हॉटेल काढायला पैसे मागितले, नाही म्हणाले. जगाला वाटायचे आणि पोटच्या पोराला उपदेश. घरचं झालं थोडं आणि... जाऊ दे."

"ते तुमच्याकडे काही मागत होते का?"

दादा हसला, पण डोळे भरून आले. "माझ्याकडे? माझ्या गाडीचे हप्ते तेच भरायचे. माझ्याकडे मागण्यासारखं आहे काय?"

काका मात्र पहिल्या प्रश्नालाच ढासळले. संध्याकाळी मागच्या फाटकातून ते आले होते, हे माळ्याने सांगितलं होतं.

"आलो होतो. हात जोडायला आलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, साहेब, उद्या स्टेजवरून ते बोलू नका."

"काय बोलू नका?"

काकांनी धाकटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "फंडात काही नाही, इन्स्पेक्टर. पोकळ आहे. एका वर्षी बाजाराने दगा दिला. तेव्हा इस्पितळ अर्धं बांधून झालं होतं, वसतिगृहाचा शब्द दिलेला होता. थांबायला हवं होतं. जन्मभर थांबायला शिकवणाऱ्या माणसाला देणं काही थांबवता येईना. नवीन येणाऱ्यांच्या बचतीतून जुन्यांना व्याज, आणि त्यातूनच दान. मेळाव्यात ते कबूल करणार होते. म्हणाले, तू जा, मला अजून एका माणसाशी बोलायचंय."

"कोणाशी?"

"नाही सांगितलं. 'त्याने हो म्हटलं तर लोकांना निदान हातात काहीतरी देता येईल,' एवढंच म्हणाले."

इस्पितळाच्या दारावरची पाटी, वसतिगृहातल्या मुली, टाळ्या, हार... सगळं दुसऱ्याच्या घामाचं? धाकटीला बाबांचा राग आला, इतका की मेलेल्या माणसाचा येऊ नये. आणि रागाच्या मागोमाग त्यांची दयाही आली.

आत्या स्वयंपाकघरात होती. ओट्याजवळच्या आपल्या उंच स्टुलावर बसून मटार सोलत होती. इन्स्पेक्टरला तिने पाट सरकवला. "तुम्ही बसा खाली. मी बसले की उठवायला क्रेन बोलवावी लागते. गुडघे गेलेत."

"त्या सकाळी ऑफिसातलं स्टूल पडलं होतं. कोणी उचललं?"

"मीच. सगळ्यांच्या पायांत येत होतं."

"फंडाचं माहीत होतं?"

आत्याचे हात थांबले नाहीत. "मला बाजारातलं काय कळतंय? मला भाजीबाजार कळतो."

आणि मग तिने सोललेले मटार मूठभर धाकटीपुढे धरले. "खा. दोन दिवसांत चेहरा बघ कसा झालाय."

४

ऑफिस आता धाकटीचं होतं. ट्रस्टची माणसं येऊन सांगून गेली, "शोकसभा घेऊ. त्याच सभेत तुम्ही सूत्रं हाती घ्या. लोक धास्तावलेत, दोन धीराचे शब्द बोला." धीराचे शब्द! तिची स्वतःची पाचावर धारण बसली होती.

रोज संध्याकाळी ती ऑफिसला कुलूप लावायची. लावण्याआधी ती मोठी खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवायची आणि तिच्यावर चादर टाकायची. बघवत नव्हतं म्हणून.

पहिल्या सकाळी कुलूप काढलं, तर खुर्ची परत सरळ झालेली. चादरीची चौकोनी घडी कोचावर.

तिला वाटलं, आपणच विसरलो असू. दुसऱ्या संध्याकाळी तिने खुर्ची पुन्हा फिरवली, चादर टाकली, दोनदा मागे वळून पाहिलं. सकाळी खुर्ची दाराकडे तोंड करून तिची वाट बघत होती, आणि चादरीची घडी तशीच. कुलपाच्या किल्ल्या घरातल्या प्रत्येकाकडे होत्या. कोणीतरी रोज या खोलीत येऊन रिकाम्या खुर्चीपुढे बसत होतं.

ती घरातलं काही खाईना. नळाला तोंड लावून पाणी प्यायची, शेतातल्या पाखरासारखी दचकत. रस्त्यावरून पाव आणून बाथरूममध्ये खायची. दादाने एकदा लिंबू सरबत आणून दिलं, तर तिने ते कुंडीत ओतलं आणि दिवसभर त्या झाडाकडे बघत राहिली. झाड बिचारं टवटवीत होतं. भावावर संशय घेतल्याची तिला लाज वाटली, पण संध्याकाळी त्याने पुन्हा आणलेलं सरबतही तिने प्यायलं नाहीच.

मुंगीसाहेब परत आला तेव्हा ती ऑफिसच्या दारातच उभी होती. आत जायला पाय धजत नव्हते.

"लंगडताय तुम्ही," तो म्हणाला.

"त्या सकाळी स्टुलाला अडखळले."

"इतके दिवस दुखतंय म्हणजे चांगलंच लागलं. कुठे?"

धाकटीने सहज हात ठेवला. गुडघ्याच्या वर, मांडीवर. "इथे. काळंनिळं झालंय."

मुंगीसाहेब शिंकायचा थांबला. खरंच, अर्धी शिंक तशीच गिळली त्याने. मग तो आत गेला, बाबांचं बुटकं स्टूल उचलून घेऊन आला आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं.

स्टूल तिच्या नडगीलाही जेमतेम पोचत होतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुम्ही याला अडखळलाच नव्हता."

५

मुंगीसाहेब स्टुलापाशी उकिडवा बसला.

"बाबांसमोर त्या सकाळी दुसरंच काहीतरी होतं," मुंगीसाहेब म्हणाला. "उंच. मांडीला लागेल इतकं उंच. पोलीस यायच्या आत ते गेलं आणि त्याच्या जागी हे आलं. आता असं बघा. रिवाज पाळणारा माणूस, समोर हेच स्टूल असताना दुसरं उंच स्टूल कशाला आणेल?"

धाकटीला उत्तर ठाऊक होतं. तिच्या मांडीला ते आधीच ठाऊक होतं.

"ज्याला खाली बसताच येत नाही," तोच म्हणाला. "दुसरं बघा. वडिलांनी वर्षानुवर्षं न घेतलेली साखर निमूट प्यायली. मागायला बसलेल्याला समोरचा देईल तो चहा घ्यावा लागतो, हे एक. पण त्याहून जास्त, या हातचं लहानपणापासून खाल्लेलं होतं. तिसरं, मागणं. मुलाकडे काही नव्हतं. भागीदाराचं स्वतःचं घरही गहाण पडलंय, मी चौकशी केली. मग या कुटुंबात कोणाकडे असं काय आहे, जे साहेबांच्या नावावर नाही?"

"हे घर," धाकटी पुटपुटली. "बाजाराचा भरवसा नाही म्हणून बाबांनी सुरुवातीलाच हे घर आत्याच्या नावावर केलं होतं. मागची सगळी जमीनसुद्धा."

बोलली आणि आत्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तापात रात्ररात्र उशाशी बसणारी आत्या. शाळेच्या दाराशी छत्री घेऊन उभी राहणारी आत्या. तिला परक्याची भीती वाटली असती तर ती आत्याच्याच कुशीत शिरली असती. आता कुठे शिरायचं?

"धरा तिला," ती म्हणाली. "आत्ता धरा."

"कशावर धरू? तुमच्या मांडीवरच्या डागावर? कोर्ट हसेल. उंच स्टूल स्वयंपाकघरातच असतं, ते तिथेच आहे. साखर सगळ्या घरांत असते." त्याने रुमाल खिशात कोंबला. "तुम्ही काही दिवस मैत्रिणीकडे जा. मी बघतो."

"आणि शोकसभेत काय सांगू? सगळं छान आहे, बचत आणत राहा? बाबांना जे मागायचं होतं ते मागितल्याशिवाय मला लोकांपुढे उभं राहता येणार नाही."

"मॅडम, वेडेपणा करू नका."

"तुम्ही दाराबाहेर थांबा," धाकटी म्हणाली.

६

दुपार होती, लख्ख ऊन होतं, आणि तिला थंडी वाजत होती.

"आत्या, जरा ऑफिसात येतेस? मला तुझ्याशी बोलायचंय."

आत्या आली. धाकटीने तिचं उंच स्टूल स्वतः उचलून आणलं आणि खुर्चीसमोर ठेवलं. आत्याने स्टुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. धाकटी मोठ्या खुर्चीत बसली. बाबा गेल्यापासून त्या खुर्चीत पहिल्यांदाच कोणी बसत होतं. चामडं कुरकुरलं.

"असं आहे तर," आत्या म्हणाली. "थांब, चहा करते."

तिने केटली लावली. तिची पाठ धाकटीकडे होती. पाणी उकळायचा आवाज, चमच्याचा आवाज. पदरापाशी, कमरेला काहीतरी केलेली हालचाल. की नुसता भास? धाकटीचे पाय जमिनीला खिळले होते. दार तीन पावलांवर होतं आणि ती उठली नाही.

कप तिच्या हातात आला. पिवळसर, दाट, वाफाळता.

"बोल. काय हवंय?"

"हे घर. आणि जमीन. विकून लोकांना जमेल तेवढं परत करायचं."

"तोही हेच म्हणाला." आत्याचा आवाज भाजीचे भाव सांगावेत इतका साधा होता. "इथेच बसून. 'ताई, घर दे, मी उद्या लोकांपुढे उभा राहून सगळं कबूल करतो.' मी म्हटलं, अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडतोस? ज्या रस्त्याने लोक तुला वाकून नमस्कार करतात, त्याच रस्त्याने तुला पोलीस नेतील. इस्पितळावरचं नाव खरवडून काढतील. तू माणसांतून उठशील. फाटक्या चड्डीतल्या पोराला मी लोकांची धुणी धुऊन शिकवलं, ते हे बघायला?"

"म्हणून मारलंस?"

"देव म्हणून गेला तो." आत्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "शहर रडलं त्याच्यासाठी. मी दिलं ते त्याला. दुसरं काय होतं माझ्याकडे द्यायला? रोज येऊन बसते इथे. विचारते त्याला, अजून मागतोस का? तो काही बोलत नाही." मग ती पुढे वाकली. "तू सभेत गप्प बसशील? फक्त गप्प बस, पोरी. बाकी सगळं मी सांभाळते. लहानपणापासून सांभाळलंच ना?"

"नाही, आत्या. मी सांगणार."

"बरं." आत्या मागे सरली. "चहा घे. गार होतोय."

धाकटीने कपात पाहिलं. बाबांनीही असंच पाहिलं असेल. त्यांना कळलं असेल का? पहिल्या घोटाला साखर लागली असेल तेव्हा? तिला वाटलं, कळलं असेल. आणि तरी ते प्यायले असतील, कारण समोर ताई होती.

भीतीच्याही पलीकडे एक जागा असते. तिथे पोचल्यावर हात थरथरायचे थांबतात. धाकटीने कप उचलला, ओठांपाशी नेला. गोड वास आला. ती आत्याकडेच बघत होती. आत्या तिच्या ओठांकडे बघत होती.

"पोरी..."

आणि आत्याने झेप घेतली. गुडघे गेलेल्या त्या बाईने उंच स्टुलावरून अशी झेप घेतली की स्टूल मागे कलंडलं. तिची थप्पड कपावर बसली, कप भिंतीवर जाऊन फुटला आणि आत्या जमिनीवर पडली. उठता येईना. धाकटी खाली तिच्याजवळ बसली. तिथूनच आत्या धाकटीच्या ओठांवर पदर घासत राहिली, पुन्हा पुन्हा, लहानपणी दूध सांडल्यावर पुसायची तसा.

"प्यायलीस का? सांग ना गं! एक थेंब तरी गेला का पोटात? थुंक! थुंक आधी!"

दार उघडून मुंगीसाहेब आत आला तेव्हा दोघी एकमेकींना धरून जमिनीवर बसल्या होत्या. भिंतीवरून चहा ओघळत होता. त्याने खिशातून काचेची कुपी काढली, ओघळता चहा तिच्यात धरला आणि सर्दीने भरलेल्या आवाजात एवढंच म्हणाला, "आजी, सावकाश उठा. मी हात देतो."

जाताना आत्या दाराशी थांबली. "घराचे कागद कपाटात आहेत," तिने धाकटीला सांगितलं. "कुठे सही करायची ते यांना विचारून सांग."

७

सभेत धाकटीने सगळं सांगितलं. काही जण रडले. एकाने चप्पल भिरकावली, ती तिच्या खांद्याला लागली. इस्पितळावरचं नाव दुसऱ्याच दिवशी कोणीतरी डांबराने काळं केलं. आत्या म्हणाली होती त्यातलं काहीच खोटं निघालं नाही.

घर विकायला निघालं. तोवर धाकटी ऑफिसात बसायची आणि बचतदार एकेक करून यायचे. पहिल्या दिवशी एक निवृत्त शिक्षक आले. जुन्या सवयीने ते मोठ्या खुर्चीकडे वळले.

"सर, तिथे नको," ती म्हणाली. "तिथे मी बसते. तुमचंच आहे, ते तुम्ही काय मागायचं? मागायचं मला आहे. थोडा वेळ मागायचाय, आणि माफी."

म्हातारबुवा काही वेळ उभे राहिले. अंगात संताप मावत नव्हता, ते दिसत होतं. मग कण्हत कण्हत बुटक्या स्टुलावर टेकले. समोर केटली होती. रिवाज त्यांनाही माहीत होता. मुलीच्या शिक्षणासाठी ते पूर्वी त्या खुर्चीत बसून गेले होते. त्यांनी चहा केला आणि कप तिच्यापुढे धरला.

धाकटीचा हात पुढे होईना. त्या दिवसापासून तिने कोणाच्या हातचा चहा घेतला नव्हता. कपाकडे बघता बघता तिच्या कपाळावर घाम आला.

शिक्षकांनी ते पाहिलं. शहरात सगळ्यांनाच ठाऊक होतं म्हणा. त्यांनी कप मागे घेतला, स्वतः एक मोठा घोट प्यायला, तोंड पुसलं आणि तोच कप परत तिच्यापुढे केला.

"घे," ते चिडूनच म्हणाले. "साखर नाहीये त्यात."